दिल्ली ते दुबई, दोन तास

चूक माझी होती आणि मी ती वर्षभर एका विमानाच्या माथी मारली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भुसावळहून बदली होऊन मी जयपूरला आलो होतो. रेल्वेत, वेळापत्रकाच्या विभागात. मेहुणा दुबईला नोकरीला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले, तेव्हा सासूबाई आमच्याकडे आल्या. पुढं दिल्लीहून विमान. जन्मात पहिलंच.

"जावईबापू, किती वेळ लागतो हो?"

मी तिकीट बघितलं. सुटणार नऊला, पोचणार अकराला. आम्हा रेल्वेवाल्यांची रीत एकच: पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करा. गुवाहाटी असो की द्वारका, सगळीकडे घड्याळ तेच. "दोन तास," मी सांगून टाकलं. वर मुलीच्या नकाशावर दोरा ठेवून अंतरही काढलं, बावीसशे किलोमीटर. भागाकार केला असता तर शंका आली असती, की प्रवासी विमान एवढं पळतं का? पण बायको कौतुकानं बघत होती. अशा वेळी भागाकार कोण करतो?

"दोनच तास ना? मग मी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आकाशातल्या संडासात जायची नाही मी."

"अहो आई, आमेरला जाऊन येण्याएवढा तर वेळ!"

त्यांना विमानात बसवून आम्ही दिल्लीतल्या नातेवाइकांकडे थांबलो. तिथंच मेहुण्याचा फोन आला. "आई पोचली. एक वाजलाय, जेवायला बसतोय." माझ्या मनगटावर अडीच वाजले होते. घड्याळाला किल्ली द्यायला गेलो आणि मध्येच थांबलो. दीड तासाचा फरक! म्हणजे प्रवास साडेतीन तासांचा. बायकोला मी एवढंच म्हणालो, "पोचल्या सुखरूप."

पुढं सासूबाई मुलाबरोबर आमच्याकडेच परतल्या आणि शेजारणींना त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. अकरा वाजले तरी विमान उतरेना. घसा कोरडा, हातात जपमाळ. शेजारच्या प्रवाशाला हलवून विचारलं, "भैया, रस्ता चुकलं का हे?" तो नुसता हसला. वर शेजारणींना म्हणाल्या, "इंजिनच बिघडलं असणार. आमच्या जावयाचा हिशेब चुकायचा नाही!"

मी चहा घेत मान डोलावली. हो, डोलावली.

वर्षानं नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मुलानं पुन्हा बोलावलं. सासूबाईंनी तिच्यासाठी झबली शिवली, पण जायचं नाव काढेनात. "बिघडकी विमानं ती. झबली पोस्टानं पाठवा." असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला, तेव्हा मला राहवेना.

"आई, विमान वेळेवरच होतं. तिकडचं घड्याळ दीड तास मागं असतं. ते मी धरलंच नाही."

त्यांनी डोळ्यावरचा पदर काढला. "म्हणजे मी दीड तास उगाच मरत होते?"

"हो."

"आणि तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच दुपारी."

"अगं बाई! आणि मी गावभर तुमची आरती ओवाळत फिरले!"

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. जावयाला कुणी जाब विचारत नाही, याच सोयीवर मी वर्ष काढलं होतं. मी खाली त्यांच्यासमोर सतरंजीवर बसलो.

"चुकलं माझं, आई. हिशेब चुकला त्यापेक्षा गप्प बसलो, ते जास्त चुकलं. मला माफ करा."