मागीलदारचा कॅमेरा

शेजारच्या बंद घरातून तांब्याचा बंब चोरीला गेला आणि पंचाईत माझी झाली. मुंबईहून मुलाचा फोन आला, आता पुरे झालं, हेदवीचं घर बंद कर आणि इकडे राहायला ये. मी निवृत्त शिक्षिका, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटी. त्याची काळजी मला कळत होती. पण बंद घरातला बंब गेला म्हणून उघडं घर बंद करायचं, हा न्याय काही मला पटेना. मी म्हटलं, घराला चांगली राखण बसवते, सगळं तुला तुझ्या फोनवर दिसेल. तरी समाधान झालं नाही तर दिवाळीनंतर मी मुकाट्याने गाडीत बसेन. तो कबूल झाला.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. घरातले दिवे नुसत्या बोलण्याने लावायचे आणि बागेतला पंप अंथरुणातून बंद करायचा, ही माझी फार दिवसांची हौस. निमित्त हवं होतं, ते चोराने पुरवलं.

तवसाळला फेरीबोटीने खाडी ओलांडून मी रत्नागिरीला गेले आणि दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने भोंगा दाखवला. दाराला कोणी हात लावला की तो कोकलणार. कोकलताना पडवीतले दिवेही लावेल का, असं विचारलं तर म्हणाला, दिव्यांचं वायरमनला विचारा. मी नुसती हाक मारली तरी अख्खी वाडी धावते, मला भोंगा काय करायचाय? दुसऱ्याकडे कुलूप, कॅमेरे, दिवे सगळं एकमेकांशी जोडलेलं होतं, पण इंटरनेट असेल तरच चालणारं. आमच्याकडे जरा वारा सुटला की आधी लाइट जाते आणि पाठोपाठ नेट. म्हणजे ऐन वेळी राखणदार झोपलेला. मी तिथून उठले.

तिसऱ्याकडे घरातच ठेवायचा एक डबा होता. दारांचे सेन्सर, दिवे, पंप, कॅमेरा, सगळ्यांचा कारभार त्या डब्याच्या हाती. नेट गेलं तरी घरातल्या घरात काम चालू, वीज गेली तर बॅटरीवर. बोलणं ऐकून विश्वास ठेवायची मला सवय नाही, म्हणून दुकानाचा मेन स्विच बंद करून दाखवा म्हटलं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण केला बंद. अंधारात त्याने नमुन्याचं दार उघडलं आणि त्यावरचा दिवा आपोआप लागला. मी दुकानातच टाळ्या वाजवल्या.

बसवायला तो स्वतःच आला. कॅमेरा कुठे लावायचा हे मुलाने फोनवरून बजावून ठेवलं होतं, पुढच्या दारावर, गेटकडे तोंड करून. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय, पण नव्याच्या नादात मीही मान डोलावली. दिवेलागणीला दार आपोआप लॉक होईल असं दुकानदाराने लावून दिलं होतं, ते मात्र मी तिथल्या तिथे बदलून घेतलं. त्या वेळेला घरात लक्ष्मी येते, तिला काय पासवर्ड सांगू? तो गेल्यावर डब्याला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला.

काय मजेचे दिवस होते ते! रात्री मी "निजते आता" म्हणायची की दारं लॉक, दिवे बंद, पंप बंद. शेजारपाजारच्या बायका ते बघायला म्हणून यायच्या आणि मला दहादा निजायला लावायच्या.

आणि अशात मुलाचा फोन आला. आवाज जड झालेला.

"आई, आठवडाभर बघतोय. एक पोस्टमन आणि माकडं सोडून तुझ्याकडे कोणी आलेलं नाही. अशी राहतेस तू?"

मी आधी चिडले आणि मग हसत सुटले. आमच्याकडे पुढच्या दाराने येतं कोण? पोस्टमन, मतं मागणारे आणि मुलगी बघायला आलेले. आपली माणसं पाखाडीची पायऱ्यांची वाट उतरून, विहिरीवरून मागीलदारी येतात. त्याच दारात रांगलेला हा मुलगा ते विसरला होता, आणि ते मला फार लागलं. मी फोन ठेवला. शेजारणीला स्टूल धरायला लावलं, कॅमेरा काढला आणि मागच्या पडवीच्या वाशाला नेऊन बसवला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन वाजू लागला. कोणी पडवळ घेऊन आलं, कोणी कोयती मागायला, कोणी मोबाइलमधलं काही अडलं म्हणून, तर कोणी नुसतंच पायरीवर टेकायला. सुरुवातीला तो दर वेळी विचारायचा, हे कोण, ते कोण. मग मीटिंगमध्ये फोन सारखा किणकिणतो म्हणून कुरकुरला. आवाज बंद कर म्हटलं, तर केला नाही. आणि एके दिवशी त्यानेच विचारलं, त्या काकांनी नेलेली कोयती परत आणून दिली का?

मला न्यायचं की नाही, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. दिवाळी झाली आणि शनिवारी येतोय एवढंच त्याने कळवलं. शनिवारी सकाळपासून मी पुढच्या ओटीवर गेटकडे डोळे लावून बसले, काय काय बोलायचं ते मनात घोकत. घर सोडायचं नव्हतं मला, आणि दिलेला शब्दही मोडायचा नव्हता.

गेट वाजलंच नाही. माझ्या हातातला फोन वाजला. पडद्यावर मागीलदार दिसलं. मुलगा चपला काढून विहिरीपाशी पायांवर पाणी घेत होता. मग पिशवी उचलून तो पायरीपर्यंत आला आणि त्याने वर कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आई, न्यायला नाही, राहायला आलोय. चार दिवस. दार उघड."

मी फोनवरचं बोलायचं बटण दाबलं.

"उघडंच आहे रे."