सव्वाशे घोड्यांची गवतगाडी

खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या जड गाडीचा आवाज कानावर आला की मी आजही बोलता बोलता थांबतो. घरची माणसे हसतात. त्यांना काय सांगणार, की अशाच एका आवाजावर एका माणसाची अठरा वर्षांची नोकरी टांगलेली होती आणि ती टांगून ठेवणाऱ्यांत मीही होतो? ती घटना विसरता येत नाही. विसरावी असे वाटतही नाही.

महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. मी खालापूर ठाण्यात नवा फौजदार होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या शाळेच्या हेडमास्तरांनी वडिलांची तीनदा समजूत घातली नसती, तर मी गावी गुरांमागेच राहिलो असतो. त्यांचे ऋण मी कधी विसरलो नाही. पण पदवीचा अभिमानही होता, आणि जे छापलेले आहे तेच खरे, असे काहीसे तेव्हा मला वाटत असे.

धान्यावर नियंत्रण होते. कर्जत-खालापूरचा तांदूळ परवान्याशिवाय घाटावर नेणे गुन्हा होता आणि तरीही तो जात होता. कसा, ते कळत नव्हते.

एका दुपारी पळसदरीकडचा एक शेतकरी ठाण्यात आला. म्हैस हरवली म्हणाला. पोलिसाला लवकर कळते, की खबर देणारा माणूस थेट खबर घेऊन कधी येत नाही. तो हरवलेली म्हैस घेऊन येतो. मी कागद पुढे ओढला.

“म्हशीचा रंग?”

“काळी.”

“काही खूण?”

“सायेब, म्हस जाऊं द्या,” तो आवाज उतरवून म्हणाला. “गवताची लॉरी बगा. दुपारच्या पाळीला जाती घाटात. आमी जन्मभर गवात कापतो. गवतानं गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्या येवढ्या बसत नाय.”

एवढे बोलून तो उठला. “म्हस गावली म्हून ल्याहा,” असे दारातून सांगून गेला.

दुसऱ्याच दिवशी मी खोपोलीच्या नाक्यावर माणसे लावली. दुपारी गवताने डोक्यापर्यंत भरलेली एक लॉरी आली. नंबरपाटीवर पेंढ्या लोंबत होत्या, नंबर दिसत नव्हता. शिपायाने हात केला. लॉरीने वेग घेतला.

आम्ही पाठलागावर निघालो. आमची लॉरीही त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची होती. लष्कराने लिलावात काढलेल्या अशा बऱ्याच गाड्या तेव्हा तालुक्यात फिरत. आमच्या लॉरीत फक्त पाच माणसे. चालवायला आमचा ड्रायव्हर हवालदार, नेरळकडचा, अठरा वर्षे सेवा झालेला, कमी बोलणारा माणूस. सपाटीवर आम्ही इतके जवळ गेलो की गवताच्या काड्या आमच्या काचेवर येऊन आपटू लागल्या. “गाठली! गाठली!” शिपाई मागून ओरडत होते.

मग चढ लागला, आणि ती भरलेली लॉरी जणू उतारावर लागली! एक वळण, दुसरे वळण. दहा हात, पन्नास हात, शंभर हात. शिंगरोबाच्या देवळापाशी आमच्या रेडिएटरमधून वाफ निघू लागली आणि वर फक्त आवाज उरला. तोही खंडाळ्याकडे विरून गेला.

इंजिन निवेपर्यंत मी देवळासमोर उभा राहिलो. शिंगरोबा म्हणजे इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर. तिथे प्रत्येक गाडी थांबते, पैसा वाहते आणि मगच वर जाते. रस्त्याच्या कडेला भंडारा सांडलेला होता. मी वाकून तो बोटाला लावला आणि कपाळी लावला. पुढच्या आठवड्यात दोनदा तिथे गेलो, तेव्हाही तसेच केले.

अलिबागच्या मोठ्या साहेबांचे पत्र आले ते असे: सारख्याच दोन गाड्या, एक भरलेली, एक रिकामी, भरलेली पुढे जाते याचा अर्थ रिकामीच्या ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरचा पाय मुद्दाम वर घेतला. आठ दिवसांत खुलासा न दिल्यास निलंबन करून चौकशी. निलंबन म्हणजे पुढे बडतर्फी, आणि मग पेन्शनही नाही.

खुलासा मागणारा मेमो मी स्वतःच्या हाताने लिहिला. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. मी हवालदाराला समोर उभे केले, बसायलाही सांगितले नाही.

“किती दाबलात पाय?”

“फळीला टेकवला सायेब. त्येच्या खाली रस्ताच.”

“मग ती पुढे कशी गेली?”

“तिच्या पोटात आपल्यापरीस जास्ती घोडे हायेत.”

मी हसलो. “इंजिन त्याच कंपनीचे, ब्लॉक तोच. घोडे काय तबेल्यातून आणून घातले?”

त्याने टोपी सारखी केली आणि म्हणाला, “सायेब, तुमी शिकलेले. पन एकदा माज्या शिटावर बसून तरी बगा.”

ते वाक्य मला झोंबले. त्याच संध्याकाळी मी त्याला बरोबर घेऊन कर्जतला गेलो. तिथे रेल्वेच्या इंजिनशेडमधून निवृत्त झालेला एक फिटर राहात असे. सारा गाव त्याला मिस्त्रीबाबा म्हणे. तो ओटीवर घड्याळ उघडून बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि हवालदाराकडे पाहून म्हणाला, “याला चोर ठरवलंत होय? फौजदारसाहेब, घोडे वाढवता येतात.”

“कसे?”

“सिलिंडर कोरून मोठे करायचे, हेड घासून खाली आणायचं, वर दुसरा कार्बोरेटर चढवायचा. कंपनीनं ऐंशी दिले असतील तर शंभर होतात. ब्लॉक हूं की चूं करत नाही.”

“आणि शंभरच्या पुढे?”

आता त्याचे डोळे चमकले. त्याने घड्याळ बाजूला ठेवले. “आता विचारलंत! ब्लॉक म्हणजे ओतीव लोखंडाचा ठोकळा. सगळी आग त्याच्या पोटात. कोरत गेलात की भिंती पातळ होतात, आणि आग तर वाढलेली. सव्वाशे घोडे सपाटीला सोसेल तो. पण भरली गाडी घेऊन रोज बोरघाट? नाही सोसणार. आधी रडायला लागेल, मग फुटेल.”

“रडेल म्हणजे?”

“केसाएवढा तडा जातो, त्यातून पाणी गळतं. ती गवतगाडी रडते आहे साहेब कुठंतरी. शोधा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आणि मी घाट पायी चढलो. नाक्यावर ती लॉरी पुन्हा दिवसा दिसली नव्हती. तालुक्यात गवताच्या लॉऱ्या किती, त्यांतली रडणारी कोणती? शिंगरोबापाशी पोहोचलो. सवयीप्रमाणे मी कडेच्या पिवळ्या डागाकडे वाकलो.

“थांबा सायेब!” हवालदाराने चक्क माझा हात धरला. तो गुडघ्यावर बसला, डागावर बोट घासले, नाकाशी नेले. मग माझ्याकडे पाहू लागला.

“सायेब, देवाला भंडारा वरून उधळतात. तो पसरतो. हा खालून टपकलाय. थेंब बगा, गोल. आन् वास गंजाचा.”

“म्हणजे?”

“रेडिएटर गळाया लागला की आमी ड्रायवर लोक त्यात हळद घालतो. हळद फुगती, फटीत बसती. चार दिवस निभावतं. ही देवाची हळद नाय सायेब, ही लॉरीची हाय!”

धनगराच्या देवासमोर हळद दिसली तर कोणाला संशय येईल? गाडी रोज तिथे थांबत होती, पैसा वाहत होती, पाणी भरत होती आणि आपली सही करून जात होती. आणि मी त्या सहीला तीनदा नमस्कार केला होता.

मग आम्ही उतरलो नाही, धावलो! गळकी गाडी जिथे थांबते तिथेच थेंबांचा पुंजका पडतो, हे हवालदाराला ठाऊक होते. खोपोलीच्या पाण्याच्या टाकीपाशी पिवळे थेंब. कर्जतच्या फाट्यावर चहाच्या टपरीसमोर थेंब. “हितं बी! सायेब, हितं बी!” म्हणून ओरडताना तो माणूस अठरा वर्षांनी लहान झाला होता. पळसदरीच्या अलीकडे एका गवताच्या वखारीच्या फाटकात डाग इतका ताजा होता की बोटाला ओला लागला.

पंच आणि मिस्त्रीबाबा यांना बोलावून आम्ही आत शिरलो. लॉरी रिकामी, धुऊन ठेवलेली. वखारीचा मालक गावी गेलेला. लॉरीचा ड्रायव्हर खाटेवर आरामात बसला होता.

“तुमच्यावानी गाडी हाय सायेब. इंजनाचा लंबर कंपनीचा. बगा की उघडून.”

नंबर खरोखर कंपनीचा होता. त्याच्या शेजारी पंचविशीतला एक मिस्त्री हात पुसत उभा होता. तो त्या ड्रायव्हरचा मेहुणा, बायकोचा भाऊ. मी तासभर प्रश्न विचारले. दोघेही “ठावं नाय” या दोन शब्दांपलीकडे गेले नाहीत. दमदाटीने तोंडे अधिकच मिटतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग मिस्त्रीबाबा पुढे झाले. त्यांनी ब्लॉकच्या बाजूवर रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसला आणि माझ्याकडे हात केला. “साहेब, खडू.” त्यांच्या सांगण्यावरून जवळच्या शाळेतून मी खडू मागवून ठेवले होते. त्यांनी लोखंडावर पांढरा थर दिला आणि म्हणाले, “आता गप्प बसा.”

आम्ही सगळे पाहात राहिलो. तड्यात मुरलेले रॉकेल हळूहळू खडूत वर आले. आधी एक काळा बिंदू, मग रेघ. नकाशावर उल्हास नदी काढावी तशी ती वळणे घेत दोन सिलिंडरांमधून खाली उतरली.

तरुण मिस्त्री पुढे सरकला. रेघेवर बोट ठेवले. तेव्हा त्याचा चेहरा पोलिसाला घाबरलेल्या माणसाचा नव्हता.

“दाजी,” तो लॉरीच्या ड्रायव्हरला म्हणाला, “पानी कवापासनं गळतंय?”

“झालं पंधराएक दीस. हळद घातली की ऱ्हातं.”

“मला नाय सांगितलं?”

“तू गाडी उघडून बसला असतास रं. खेपा बुडाल्या असत्या.”

“अरं फुटला असता तो! घाटात! चढावर! गाडी मागं आली असती, आन् माजी बहीन…” तो जमिनीवर बसला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “लिवून घ्या सायेब. सव्वाशे घोडे मी काढलं. त्या दिवशी तुमची गाडी आमाला गाठूच शकत नव्हती, कोन बी चालवू द्या. तांदूळ गवताच्या गंजीखाली हाय.”

गंजीखाली तांदळाची पोती निघाली. मी पंचनामा लिहीत असताना माझा ड्रायव्हर हवालदार फाटकाबाहेर पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मी त्या बाजूला गेलो नाही.

तरी आरोपीच्या जबाबावर पोलीस ड्रायव्हर सुटतो कसा, असे अलिबागहून विचारणे आले, आणि मोठे साहेब स्वतःच तपासणीला आले. मिस्त्रीबाबा त्यांना म्हणाले, “साहेब, मुद्देमाल भरून तीच लॉरी घाटात चढवून बघा. शिंगरोबापर्यंत नेईल. त्यापुढं मी शब्द देत नाही.”

“ब्लॉक फुटला तर पुरावा जाईल.”

“जाणार नाही साहेब, ठळक होईल.”

पंचांसमोर पोती चढवली. चाक हवालदाराच्या हाती, शेजारी मोठे साहेब, मागे लाकडी ठोकळे घेऊन दोन शिपाई. आम्ही आमच्या लॉरीतून पाठोपाठ. काय पळाली ती गाडी! आमच्या पुढे तिचा नुसता धुरळा! देवळाजवळ आम्ही पोहोचतो तोच वरून एक दणका ऐकू आला. ठोकळे चाकाला लागले, गाडी जागच्या जागी उभी राहिली, आणि बॉनेटमधून पिवळी वाफ कारंज्यासारखी उडाली. देवळाच्या पुढे जेमतेम वीस पावले!

मोठे साहेब खाली उतरले. टोपीपासून कमरेपर्यंत खाकीवर हळदीचे शिंतोडे होते. कोणी हसायची हिंमत करेना. त्यांनी रुमालाने मिशी पुसली आणि हवालदाराला विचारले, “पाय कुठे होता?”

“अर्ध्यात सायेब. फळीला टेकवला असता तर देवाच्या अलीकडंच ब्लॉक गेला असता.”

“फौजदार,” साहेब माझ्याकडे वळले, “तो मेमो परत घ्या.” मग स्वतःकडे पाहून म्हणाले, “आणि कोणीतरी पाणी आणा. साधे.”

तेव्हा मात्र सगळा घाट हसला.

खटला झाला, मालकाला आणि ड्रायव्हरला शिक्षा झाली. तरुण मिस्त्रीने दिलेला जबाब शेवटपर्यंत फिरवला नाही. न्यायाधीशांनी ते ध्यानात घेतले. पुढे त्याने खोपोलीत गॅरेज टाकले आणि आमच्या ठाण्याची लॉरी वर्षानुवर्षे त्यानेच सांभाळली. ऐंशीचे एक्याऐंशी घोडे त्याने कधी केले नाहीत.

मेमो फाडायला मी हवालदारासमोर घेतला, तर त्याने हात पुढे केला. “नको सायेब. ऱ्हाऊं द्या फायलीत. फुडच्या सायबाला उपेगी पडंल.”

मला त्या प्रकरणाने काय शिकवले, ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. ब्लॉक किती सोसतो हे मिस्त्रीबाबांनी ओटीवर बसून सांगितले, हळद कोणाची हे हवालदाराने वासावरून सांगितले. दोघांचे शिक्षण चौथीपलीकडचे नव्हते. मी बी.ए. होतो आणि नमस्कार करीत होतो. त्यानंतरच्या सबंध नोकरीत हाताखालच्या माणसाला मेमो देण्याआधी मी एक दिवस त्याच्या जागेवर जाऊन बसलो. निम्म्या वेळा मेमो लिहावाच लागला नाही. हेडमास्तरांना हे पत्राने कळवले, तेव्हा त्यांनी उलट टपाली एका ओळीचे उत्तर पाठवले: ‘आता तुझे शिक्षण सुरू झाले.’

माझी बदली होईपर्यंत आम्ही त्या घाटातून कितीदा गेलो, मोजदाद नाही. शिंगरोबा आला की हवालदार गाडी उभी करायचा, पैसा वाहायचा आणि मी उतरू लागलो की मिशीतल्या मिशीत म्हणायचा, “सायेब, आदी खाली बगा. मग देवाकडं.”