रायपुरात बांधलेली आगबोट

शालू, फोन ठेवू नकोस, आधी बोलणी खा. धाकटी बहीण म्हणवतेस, आणि मी एवढी रायपूरला जाऊन आले तर "ताई, पोचलीस का?" म्हणून साधा फोन नाही? पुण्याला गेलीस म्हणजे आम्ही वर्धेची माणसं परकी झालो का गं? जाऊ दे. रागावून झालं. आता ऐक, कारण मी तिथे जे पाहिलं त्याने माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

वंदनाने, माझ्या लेकीने, कधीपासून बोलावलं होतं. दिवाळी आटोपली आणि निघाले. गोंदियापर्यंत शेजारच्या बाईशी गप्पा, डोंगरगडची देवीची टेकडी दिसली तशी बसल्या जागी हात जोडले, भिलाईच्या कारखान्याच्या चिमण्या मागे गेल्या आणि रायपूर आलं. स्टेशनवर नात आली होती, अनघा. पाया पडली, पिशवी उचलली, "चलो आजी." पोट्टीचा जन्म रायपूरचा. मराठी सगळी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते.

"नोकरी कायची करून राहिली तू?" मी विचारलं.

"जहाज़ बनाती हूँ, आजी."

मी तिथेच थांबले. मागचा माणूस माझ्यावर आदळला. रायपुरात जहाज? जिथून समुद्र पाहायचा म्हणजे अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, तिथे? आणि या मुलीने तर समुद्र अजून पाहिलेलाही नाही!

घरी वंदनाने फरा केला होता (तांदळाच्या पिठाच्या वळकट्या वाफवून वर तिळाची फोडणी). खाता खाता उलगडा झाला. जहाज कॉम्प्युटरमधलं. खेळणाऱ्याने बसल्या जागी कप्तान व्हायचं, सुकाणू धरायचं, वारा बघायचा. बंगळुरूची एक कंपनी असा खेळ काढत होती आणि त्यातली सगळ्यात जुनी, दोनशे वर्षांपूर्वीची आगबोट अनघा वर्षभर बांधत होती. कंपनीचा दावा एकच, की आमच्या जहाजातला खिळासुद्धा तेव्हा होता तसाच. परवा साहेबांपुढे बोट दाखवायची होती. पसंत पडली तर नोकरी कायमची.

तिने बोट दाखवली. बाई गं! दोन्ही कुशींना पाणचक्कीसारखी चाकं, मधे काळं धुराडं, आणि त्याच्या पुढेमागे शिडं!

"वाफेच्या बोटीले शिडं काहून? पैले एक ठरव ना तू."

ती हसली. म्हणाली, तेव्हाच्या सगळ्यांना असायची. इंजिनावर भरवसा कोणाचा? कोळसा संपला की वाराच. आणि बोट हाकायला बंद खोली नाही, सुकाणूवाला मागच्या टोकाला उघड्यावर, उन्हापावसात. शिट्टीसुद्धा नाही! म्हणाली, ती नंतर निघाली, तेव्हा घंटा वाजवायचे. मी तर थक्क. एवढं सगळं या पोरीने कुठून कुठून वाचून काढलं होतं.

फक्त वाफेचा खरा आवाज राहिला होता. म्हणून तो टिपायला दुसऱ्या दिवशी अभनपूरला जायचं, तिथे उसन्या तांदळाची मिल आहे (धान आधी वाफवून मग कांडतात तो). मोठा बॉयलर आहे, भुशावर, म्हणजे धानाच्या टरफलांवर चालतो. मी म्हटलं, मी पण येते. वंदना ओरडत राहिली, "आई, स्कूटीवर? या वयात?" आणि मी बसलेसुद्धा. सदर बाजारातून निघालो तेव्हा दोन्ही बाजूंनी गाड्या अशा घुसत होत्या की मी डोळे मिटले ते गाव संपल्यावर उघडले. पुढे मात्र छान वाटलं. दोन्हीकडे धानाची कापणी चाललेली, हवेत नव्या पेंढ्याचा वास.

मिलशी पोचलो तर सगळं चिडीचूप. धुराड्यातून धूर नाही. दारात एक बाई भुशाच्या ढिगाला टेकून भाकरी खात होती.

"बॉयलर बंद हे का?" अनघाने विचारलं.

"हव दीदी, सफाई चलत हे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, "बइठ दाई, पानी पी ले." (दाई म्हणजे तिकडे आई.)

म्हणजे एवढी हाडं खिळखिळी करून आलो ते फुकट! अनघाचा चेहरा उतरला. मी पाणी पीत बसले, ती आत डोकावायला गेली. आत दोघंजण बॉयलरच्या नळ्या काढून हातोड्याने ठोकत होते. नळीतून पांढऱ्या जाड खपल्या पडत होत्या, आपल्या पाणी तापवायच्या बंबात बसतात ना, तशाच, पण बोटभर जाडीच्या. बोअरच्या पाण्यातला क्षार.

अनघा तिथून हलेना. एक खपली हातात घेऊन उभी. हाक मारली तर वळली, आणि शालू, तिचा चेहरा त्या खपलीसारखाच पांढरा.

"आजी, ये तो बोर का पानी है. मेरा जहाज़ तो समंदर का पानी पीता है."

मला काही समजेना. मग तिने सांगितलं. त्या काळच्या बोटी बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी भरायच्या. मग मीठ किती साचत असेल! थोड्या थोड्या वेळाने ते खारट पाणी बाहेर सोडायचं, नवं घ्यायचं, बंदरात पोचलं की आत शिरून खरवडायचं, नाहीतर बॉयलर जाम. पुस्तकात तिने ते वाचलं होतं, पण ओलांडून गेली. पाणी म्हणजे नळाचं, विहिरीचं, तळ्याचं. समुद्रापासून इतक्या लांब वाढलेल्या पोरीच्या मनात मीठ आलंच नाही. तिची बोट अख्खा समुद्र एका दमात पार करत होती.

"अवं, पण कोण पाहून राहिलं? बॉयलर तर बोटीच्या पोटात आहे!" मी म्हटलं. "उद्या दाखव गुपचूप. नोकरी पक्की होऊ दे, मग कर दुरुस्त."

तिने खपली पिशवीत टाकली आणि स्कूटी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे खाटेवर बसून होते. पडद्यावर साहेब आले, टक्कल असलेले, हसतमुख. बोट पाहून खूश. "वाह अनघा! बिल्कुल असली!"

आणि ही बया म्हणते, "नहीं सर. मेरा जहाज़ झूठा है."

माझ्या हातातला चहा साडीवर सांडला.

"किसने कहा?"

"किसी ने नहीं. मैंने ही पकड़ा." मग मिठाचं सगळं सांगितलं. महिनाभर द्या, म्हणाली.

साहेबांचं हसू मावळलं. तारीख हलणार नाही, म्हणाले. कौन देखेगा, म्हणाले. अगदी माझंच वाक्य, शालू! त्यांच्या तोंडून ऐकताना मला कसंसंच झालं. अनघा म्हणाली, चालवा मग, पण "असली" लिहू नका. ते म्हणाले, ते लिहायचं नाही तर बोट कशाला? दुसऱ्या एकाची बोट आहे तयार. आणि पडदा काळा झाला.

वर्षाचं काम गेलं. वंदना स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तोंडाचा पट्टा सुरू करणार, तर पाहते काय, पोरगी पुन्हा त्याच बोटीवर काम करत बसलेली!

"आता कोणासाठी करून राहिली?"

"आजी, आधा छोड़ दूँ क्या?"

मी निघाले तरी तिचं तेच चालू होतं. स्टेशनवर सोडायला आली तेव्हा डोळे लाल, पण रडून नाही, जागून.

वर्धेला येऊन मी घरकामाला लागले. खरं सांगते, मनात तिच्यावर रागच होता. एक मीठ लपवलं असतं तर काय झालं असतं! आणि काल तिचा फोन आला. मी कणीक मळत होते. पलीकडून नुसता आरडाओरडा.

"आजी! रुक गया! बीच समंदर में रुक गया! बॉयलर जाम!"

वर्षभर जी बोट न थांबता धावत होती, ती खऱ्यासारखी अडली म्हणून ही नाचत होती. आणि शालू, तिच्या दुसऱ्या कामाचा अजून काही पत्ता नाही, तरी कणकेच्या हातांनी फोन धरून मीही हसत सुटले.

डिसेंबरात येतेय ती माझ्याकडे, बोट घेऊन. तूही ये. निमित्तं सांगू नकोस, गुडघ्यांची तर नकोच, मी स्कूटीवर अभनपूर करून आले आहे. ये लवकर, वाट पाहते.