मावशींना पोरं चालत नाहीत

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही धड कळत नाही मला.

शहापूरला आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. मी कारखान्यात पॅकिंगला, नवरा ठाण्याला नोकरीला. सहा वर्षांची आमची सुजाता गावी, शेणव्याला, सासूबाईंपाशी. 'रंगीत टीव्ही आला की तिला आणू,' असं ठरलं होतं. टीव्ही आला. मग फ्रिज हवासा वाटला. कुणासाठी? तिच्यासाठीच — असं तेव्हा खरंच वाटायचं. की मी तसं वाटून घेत होते?

दर रविवारी खाऊ, फ्रॉक, काहीबाही घेऊन जायचे. एकदा निघताना तिनं माझा पदर धरला. "आई, मला ने ना. मी तरास नाय देनार."

ओव्हरटाइम सोडायचा नव्हता मला. पण हे पोरीला सांगायचं कसं? तोंडातून निघून गेलं — "घरमालकीण मावशींना पोरं चालत नाय गो."

आणि खरं काय होतं? मावशी एकट्या, मूलबाळ नाही. त्याच आठवड्यात दाराशी येऊन म्हणाल्या होत्या, "पोरीला आन इकडं. दिवसभर मी बघीन. फकस्त दिवेलागणीला तू घरी ये — आई लागते पोरीला."

मी "बघू" म्हटलं होतं. त्यांच्या त्या एका अटीचा मला राग आला होता. का आला होता?

सुजाता कॉलेजसाठी शहापूरला आली, तोवर आमचा स्वतःचा फ्लॅट झाला होता. मावशी कौतुकानं करंज्या घेऊन आल्या. सुजातानं डबा घेतला, पाणीसुद्धा विचारलं नाही, आत जाऊन दार लावलं.

"माझ्याशी बोलत का नाय गो ती?" मावशींनी विचारलं.

"लाजाळू आहे," मी म्हटलं. दुसरं खोटं. हे तर अगदी सहज आलं.

पुढं मावशी वारल्या तेव्हा सुजाताला म्हटलं, चल, शेवटचं बघून येऊ. ती म्हणाली, "मी नाही येणार. त्या बाईमुळे मला आई फक्त रविवारची मिळाली."

तेव्हा तरी बोलायचं होतं. ओठांवर आलंही होतं — की आता तसं वाटतंय? मला रडू फुटलं. तिला वाटलं, जुन्या आठवणीनं. तिनं माझा हात हातात घेतला. "तुझा काय दोष होता गं, आई."

मी हात तसाच राहू दिला.