खाकी अंगावर चढताना

आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, तसं मोटारखातंही बदललं आणि पहारेकऱ्यांची नवी भरती निघाली. घरची जमीन तीन भावांना पुरणारी नव्हती. मी धाकटा. सातवी पास होतो, अंगानं धट्टाकट्टा होतो. निवड झाली आणि शिकायला धाराशिवच्या डेपोत जाऊन पडलो.

शिकवायला एक जमादार होते. वय पन्नाशीचं, मिशा कातरलेल्या, चालणं ताठ. निजामाच्या फौजेत होते असं पहिल्याच दिवशी कळलं आणि माझ्या मनात अढी बसली. पोलीस ॲक्शनच्या आधी आमच्या गावानं रझाकारांचे दिवस पाहिले होते. जमादारांचा त्यात हात होता की नाही हे मला ठाऊक नव्हतं. पण सलाम ठोकताना माझा हात जड व्हायचा.

शिकवणं मात्र त्यांचं चोख होतं. सकाळी मैदानात कवायत, मग डेपोत फिरणं. उभ्या गाडीचं चाक कसं तपासायचं, डिझेलच्या टाकीजवळ कुणी विडी ओढत असेल तर काय बोलायचं, रांग कशी लावायची. लाठी हातात द्यायचे आणि वर बजावायचे, "ही टेकायला दिली आहे. उगारायची वेळ आली तर समजा, तुमचं बोलणं कमी पडलं." मला वाटायचं, हा माणूस आता हे सांगतोय. तेव्हा काय करत होता?

लग्नसराईत आम्हाला दोघादोघांना स्टँडवर उभं करायला लागले. एका दुपारी सास्तूरकडं जाणाऱ्या गाडीपाशी एक म्हातारा पोतं घेऊन आला. पोत्यातून दारूचा वास येत होता, शोभेच्या दारूचा. मी जवळ गेलो आणि विचारलं, "बाबा, पोत्यात काय हाय?"

मी आवाज चढवला नव्हता, की पोत्याला हातही लावला नव्हता. पण म्हातारा माझ्या कपड्यांकडं बघत मटकन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले.

तसं बसलेलं मी आधी पाहिलं होतं. चावडीपुढं, भर उन्हात, माझे वडील. समोर खाकीतली माणसं आणि आम्ही पोरं दाराआडून बघत होतो. आता खाकीत मी होतो. काय करावं ते सुचेना. रांगेतले लोक बघायला लागले.

जमादार आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि म्हाताऱ्यासमोर उकिडवे बसले.

"काका, कुणी मारत न्हाय तुम्हाला. कुणाचं लगीन हाय?"

म्हाताऱ्यानं डोक्यावरचे हात खाली घेतले. "नातीचं. तेरखेड्याहून दारू आणली, वरातीला."

"बेस. पण ही गाडीत न्हाय नेता येत. एखाद्यानं विडी पेटवली तर सगळी गाडी जाईल. नातीचं लगीन कधी हाय?"

लग्नाला अजून अवकाश होता. जमादारांनी मला अडत बाजारात पिटाळलं. सास्तूरच्याच बाजूला, लोहाऱ्याकडं परतणारी एक रिकामी बैलगाडी मिळाली. म्हाताऱ्याला पोत्यासकट तिच्यात बसवलं, गाडीवानाला वाटेत विडी ओढायची नाही असं बजावलं. जाताना म्हाताऱ्यानं जमादारांना हात जोडले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी डेपोच्या नळावर जमादार हातपाय धूत होते. मी धीर करून विचारलं, "जमादारसाहेब, त्या दिवसांत तुम्ही कुठं होता?"

कुठले दिवस, हे त्यांनी विचारलं नाही.

"बराकीत. हिंदुस्थानची फौज आली आणि आमच्या तुकडीनं बंदुका खाली ठेवल्या. सोडल्यावर गावी गेलो, तर थोरला भाऊ असाच बसलेला, दोन्ही हात डोक्यावर. मागं घर जळालेलं."

"कुणी जाळलं?"

"शेजारच्याच लोकांनी. रझाकारांचा राग आम्हा मुसलमानांच्या घरांवर काढला. त्यांनीही आधी लई सोसलं होतं, हे मला ठाऊक हाय. पण भाऊ त्यानंतर धड बोललाच नाही." त्यांनी नळ बंद केला. "तुझ्या घरचं कोण बसलं होतं?"

"वडील," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि टॉवेलनं तोंड पुसत राहिले. माझ्या मनातली अढी त्या संध्याकाळी गेली, असं मी म्हणणार नाही. इतकी जुनी गोष्ट एका बोलण्यानं जात नाही. पण माझ्या हिशेबात आतापर्यंत एकच बाजू होती, तिथं दुसरी येऊन बसली, आणि ती मला काढून टाकता येईना.

पुढं माझी नेमणूक तुळजापूरच्या स्टँडवर झाली. कितीतरी पौर्णिमांची गर्दी मी तिथं पाहिली. एका उन्हाळ्यात गुलबर्ग्याच्या गाडीच्या रांगेत पांढऱ्या पायजम्यातला एक माणूस ट्रंकेवर बसलेला दिसला. जवळ गेल्यावर ओळख पटली. जमादार पेन्शनीत निघाले होते आणि मुलीकडं राहायला चालले होते.

"पुढं चला, खिडकीची जागा देतो," मी म्हणालो.

"न्हाय. माझ्या आधी ही बाई उभी हाय," ते म्हणाले.

गाडीला उशीर होता. मी समोरच्या हॉटेलातून दोन चहा आणले. मुलीला नुकताच मुलगा झाला होता, त्याच्याबद्दलच ते बोलत राहिले. तिकडं सगळे कानडी बोलतात, नातू आपल्याशी कुठल्या भाषेत बोलेल याची त्यांना मोठी काळजी होती. गाडी आली तेव्हा मी ट्रंक टपावर चढवली, दोरीनं पक्की बांधली. ते मधल्या बाकावर बसले, खिडकीपासून लांब, त्यामुळं गाडी हलली तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला नाही.