न्हाणीघरातली ओ

लग्न होऊन आल्यावर नवी सून दुसऱ्या सकाळी आंघोळीला गेली. अंगावर जेमतेम पहिलं पाणी घेतलं, तोच दारावर थाप पडली आणि बाहेरून सासूचा खणखणीत आवाज आला, "ओ दे गं!"

सुनेला वाटलं, घराला आग लागली. डोळ्यांत पाणी गेलेलं, तशीच ती ओरडली, "काय झालं आई?"

"काही नाही. नुसती ओ दे. चालू दे तुझं."

केस धुऊन होईपर्यंत पुन्हा थाप, पुन्हा "ओ दे गं!" सून बाहेर आली ती लाजेनं लालबुंद होऊन. समोरच्या घराची खिडकी हाकेच्या अंतरावर. तिथून शेजारीण तोंडाला पदर लावून विचारत होती, "दिलीस का गं ओ?" नवऱ्याला विचारावं तर तो गालाला फेस फासून आरशात बघत म्हणाला, "आईची सवय आहे गं. मी आत गाणी म्हणतो, बाबा खाकरतात. तू तुझं काय ते ठरव." आता सांगा, नवी नवरी न्हाणीघरात काय खाकरणार?

या सासूला सगळी इमारत जपूनकाकू म्हणायची. तिचं कुठलंही बोलणं 'जपून हं' म्हटल्याशिवाय संपायचंच नाही. दूधवाला जिना उतरायला लागला की, "जपून हं, खालची पायरी ओली आहे." कुणी औषध आणायला निघालं की, "जपून हं, तारीख बघून घे." एकदा तर कुणाच्या घरी माणूस गेलं म्हणून भेटायला गेली आणि निघताना सवयीनं म्हणाली, "येते हं, जपून." मग स्वतःच जीभ चावली.

काकू पडदे शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, मशीनवर छोटा रेडिओ आणि मशीनखाली उरल्यासुरल्या कापडांचं हे एवढं गाठोडं. पडद्यांचं काम म्हणजे लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मापायच्या. काकूचा टेप खिडकीवर असायचा आणि डोळे घरभर फिरायचे. "वहिनी, गॅसची नळी कधी बदललीत हो? चिरा पडल्यात बघा." "बाळाचा पाळणा इथून हलवा, पडद्याची दोरी त्याच्या हाताला लागतेय." लोंबत्या दोरीचा पडदा ती शिवूनच द्यायची नाही. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे म्हणायची. गंमत अशी, की रुसलेली गिऱ्हाइकं पुन्हा तिच्याकडेच यायची.

सकाळी रेडिओवर ग्राहकांसाठी एक कार्यक्रम लागायचा. कुठल्या कंपनीनं कुठला मिक्सर परत मागवलाय, कुठल्या खोकल्याच्या औषधाची कुठली बॅच वापरू नका, असलं काहीबाही. तो लागला की मशीन थांबायचं आणि काकू जिवाचा कान करून ऐकायची. मध्ये कुणी भांडं वाजवलं तर त्याची खैर नसे. वर्तमानपत्राचं पहिलं पान ती सासऱ्यांना देऊन टाकायची आणि आतल्या पानांच्या कोपऱ्यांतली बारीक छापलेली निवेदनं भिंग लावून वाचायची.

ती काही सर्वज्ञ वगैरे नव्हती हं. एकदा फोनवर कुणीतरी संदेश पाठवला, की फ्रिजमधल्या दिव्यातून वाईट किरणं निघतात आणि अन्न नासवतात. काकूनं लगेच दिवा काढून कपाटात ठेवला. मग काय, घरात सगळे फ्रिजमध्ये चाचपडायला लागले. सासऱ्यांनी एका संध्याकाळी पडद्यांच्या झालरीसाठी करून ठेवलेली खळ दही समजून खाल्ली. चांगली साखर घालून, वाटीभर. औषधाच्या दुकानदारानं हे ऐकलं आणि हसून हसून बेजार झाला. काकूनं त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून कुणी काहीही सांगो, तिचे दोन प्रश्न ठरलेले, "कोण म्हणालं? आणि त्याला कसं कळलं?" औषधाचं असलं तर औषधवाल्याला विचारायचं, गॅसचं असलं तर गॅसवाल्याला. सासरे मात्र अजूनही दही हुंगून खातात.

सून एका मोठ्या दुकानाच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. कुणाचा पंखा फिरत नाही, कुणाची इस्त्री तापत नाही, तर कुणी नुसतंच भांडायला फोन करतं. दिवसभर कानाला यंत्र लावून 'हो साहेब, हो ताई' करताना तिच्या नाकी नऊ यायचे. आणि घरी आलं की पुन्हा ही ओ. तरी ती देत होती, चडफडत का होईना.

मग एकदा तिची धाकटी बहीण राहायला आली. सकाळी ती आंघोळीला गेली आणि काकूनं पाहुणी म्हणून काही सूट दिली नाही. थाप मारून "ओ दे गं!" बहीण हसत हसत बाहेर आली आणि माहेरी जाऊन तिनं ती गोष्ट मीठमसाला लावून घरोघरी सांगितली. मामेभाऊ फोन करून म्हणाला, "काय ताई, ओ देतेस का?" सुनेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संध्याकाळी पर्स खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "आई, मी दिवसभर सगळ्या जगाला ओ देते. निदान आंघोळीला तरी मला मुकी राहू द्या."

काकूनं सुईत दोरा ओवायचा थांबवला. तोंड चिमणीएवढं झालं तिचं. "बरं," ती म्हणाली. "नाही मारणार हाक."

आणि नाहीच मारली. फक्त सून आंघोळीला गेली, की बाहेरच्या बोळात स्टूल ओढल्याचा आवाज यायचा. काकू तिथं बसून हातशिलाई करायची. दाराखालच्या फटीतून तिच्या पावलांची सावली दिसायची. सुनेला तेही खुपायचं. म्हणजे आता हाक नाही, तर पहारा!

पुढे थंडी पडली. सुनेला सर्दी-तापानं धरलं. ताप उतरला, पण अंगातली कणकण जाईना. न्हाणीघराच्या वरच्या झरोक्यातून बोचरं वारं थेट पाठीवर यायचं. या घरात फटीला चिंधी हे ठरलेलंच होतं. खिडकी खडखडते? कोंब चिंधी. दार वाजतं? कोंब चिंधी. सुनेनंही घराची रीत उचलली होती. गाठोड्यातला जाड अस्तराचा एक तुकडा घेतला, बादली पालथी घालून त्यावर चढली आणि झरोका गच्च बुजवून टाकला. काय छान ऊब आली! गॅसचा गीझर भुरूभुरू पेटला, कढत पाणी पडायला लागलं, वाफ कोंडली. नाकाडोळ्यांना किती दिवसांनी बरं वाटलं.

त्या सकाळी बाहेर काकूकडे एक गिऱ्हाईक बाई आली होती, कापडाचा रंग निवडायला. बोळातलं स्टूल रिकामं होतं.

सुनेचं डोकं जड झालं. ताप पुन्हा येतोय वाटतं, असं तिला वाटलं. मग पाय लटपटले. गॅस तर नाही ना गळत, म्हणून तिनं हुंगूनही पाहिलं. वास कसलाच नव्हता. म्हणजे काळजीचं कारण नाही, असं समजून ती भिंतीला टेकून जराशी खाली बसली. जरा बसू, मग उठू. बादली भरून वाहायला लागलेली तिला दिसत होती, पण हात नळापर्यंत उचलेना.

आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

"ओ दे गं!"

तिला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिला मनापासून ओ द्यायची होती. तिनं तोंड उघडलं, निदान उघडलं असं तिला वाटलं. आवाज फुटलाच नाही.

पुढचं तिला त्या गिऱ्हाईक बाईनं सांगितलं. काकू रंग दाखवता दाखवता मध्येच थांबली आणि म्हणाली, "पाणी वाहतंय." तिच्या घरात बादली भरल्यावर नळ चालू ठेवायची कुणाची छाती नव्हती. उठून धावलीच. पहिल्या हाकेला उत्तर नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. बाई म्हणाली, "रुसली असेल हो सून, राहू द्या." काकू म्हणाली, "रुसली असली तर कान धरून माफी मागीन तिची. पण ओ तर आली पाहिजे!" आणि कापड कापायची लांब कात्री दाराच्या फटीत घालून तिनं आतली कडी खालून वर उडवली. न्हाणीघराची जाड कडी काढून ही हलकी कडी तिनंच कधीची बसवून घेतली होती, अशाच दिवसासाठी. गीझर बंद केला, सुनेला टॉवेल गुंडाळला, काखेत हात घालून तिला ओढत गॅलरीत मोकळ्या हवेत आणलं आणि ओरडून बाईला सांगितलं, "सगळ्या खिडक्या उघडा, पडदे फाडा लागलं तर!" स्वतः शिवलेले पडदे, बरं का.

सुनेला जाग आली ती दवाखान्यात. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, पायाशी रडवेला नवरा, आणि उशाशी सासू. गळ्यात टेप तसाच लोंबत होता आणि कात्री अजून मांडीवर होती. काकूनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि अगदी हळू, एरवी तिला जमत नसे इतक्या हळू म्हणाली, "ओ दे गं."

सुनेनं मुखवटा जरासा उचलला. "ओ."

"आता देतेस होय गं, मेले!" काकू म्हणाली, आणि जीभ चावून हुंदके द्यायला लागली.

डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून समजावलं. गॅस गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळला नाही, की जो विषारी वायू होतो त्याला ना रंग ना वास. माणूस सुस्तावतो आणि ओरडायची ताकद आधी जाते. सासरे मान खाली घालून ऐकत होते. काकूला हे रेडिओवरून केव्हाच ठाऊक होतं. गीझर बाहेर गॅलरीत बसवा म्हणून ती नळवाल्याच्या मागे लागली होती, आणि त्याचा 'उद्या येतो' काही उजाडत नव्हता. सासऱ्यांचं 'बघू'सुद्धा त्याच जातीचं. तोवर काय करायचं? तोवर झरोका उघडा, कडी हलकी आणि ओ.

"आई," सून म्हणाली, "झरोक्यात चिंधी मी कोंबली."

"माहीत आहे. माझ्याच गाठोड्यातली."

"चुकलं माझं."

"तुझं एकटीचं कुठलं?" काकूनं डोळे पुसले. "सगळ्या जगाला कारणासकट सांगत फिरले आणि तुला नुसती 'ओ दे, ओ दे' करत बसले. कशासाठी ते एकदा तरी सांगितलं का? मला वाटलं, हिला ठाऊकच असेल. तू मला विचारायला हवं होतंस गं, कोण म्हणालं, कसं कळलं म्हणून. माझेच प्रश्न मला कुणी विचारत नाही."

सुनेनं तिचा हात धरला. सुया टोचून टोचून खरखरीत झालेली ती बोटं तिनं आपल्या गालाशी नेली आणि सोडलीच नाहीत. "आई, तुम्ही होतात म्हणून मी आहे," ती म्हणाली. दुसरं काही तिला सुचेना, आणि दुसरं काही म्हणायचंही नव्हतं.

नळवाल्याचा उद्या त्याच आठवड्यात उजाडला. सासरे स्वतः जाऊन त्याला दंडाला धरून घेऊन आले आणि गीझर गॅलरीत गेला. गिऱ्हाईक बाईनं तिच्या घरचा झरोका त्याच दिवशी मोकळा केला. समोरची शेजारीण आता हसत नाही, सकाळी तिच्या घरूनही थाप ऐकू येते. सून पुन्हा कामावर जायला लागली. गॅसच्या गीझरची तक्रार घेऊन कुणाचा फोन आला, की ती तक्रार लिहून घेते आणि वर विचारते, "बसवलाय कुठे? झरोका उघडा आहे ना? वास नाही आला तरी धोका असतो, ताई." शेवटी 'धन्यवाद' म्हणायचा नियम आहे. ती म्हणते, "जपून हं." साहेबांनी एकदा टोकलं, मग त्यांनीही घरी जाऊन झरोका बघितला आणि नाद सोडला.

आता काकूला थोडं कमी ऐकू येतं. परवा ती आंघोळीला गेली तेव्हा सुनेनं गॅसवरचं दूध उतरवलं आणि बोळात येऊन दारावर थाप मारली. "आई, ओ द्या!"

आत नुसतं पाणी पडत होतं. सुनेचा हात दाराच्या फटीकडे गेला. "आई! ओ द्या!"

"अगं ओ, ओ, ओ!" आतून काकू खेकसली. "गीझर तर कधीचा बाहेर गेला. आता कशाला ही हाक?"

"फरशी ओली आहे," सून म्हणाली, "जपून हं," आणि स्टूल ओढून दाराशी बसली.