वाकडं अंगण

आमचे सासरे गवंडी. साधेसुधे नाही हं, नजरेचे गवंडी. बाकीचे गवंडी भिंत सरळ आली का ते बघायला ओळंबा सोडतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळेचं वजन. ते भिंतीशेजारी लटकवलं की दोरी सांगते, भिंत उभी आहे की कललीय. बाबांच्याही खिशात ओळंबा असायचा, पण तो बाहेर निघायचा फक्त नवख्यांना शिकवायला. स्वतः एक डोळा मिटायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "चौथी वीट जरा बाहेर आलीय बघ." आणि आलेली असायची!

नवी नवरी होते तेव्हा या नजरेनं मला नुसता वैताग आणला होता. मी भिंतीवर फोटो लावायचा आणि बाबांनी जेवता जेवता घास हातात धरून उठायचं. फोटो सरळ झाल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. तेव्हा मी मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच बांधलेली एक भिंत दोन बोटं कलली. मुकादमानं ती पाडायला लावली. बाबा म्हणाले, विटाच वाकड्या होत्या. मुकादम सगळ्यांसमोर बोलून गेला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" झालं. बाबा घरी येऊन खुर्चीत बसले ते बसलेच. "नजर गेली माझी," एवढंच पालुपद. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. तर म्हणे, डॉक्टरला विटेतलं काय कळतंय! मुकादमाचे तीन फोन येऊन गेले, एकही घेतला नाही. थापी, गुण्या, सगळी हत्यारं शेजारच्या गवंड्याला देऊन टाकली. उरला एक ओळंबा. तो आमच्या लेकीनं पळवला. ती सात वर्षांची आहे आणि घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात.

"आजोबा, हा भोवरा मला?"

"घे. आता भोवराच म्हण त्याला."

ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी गॅस बंद करायचाच विसरले. मग ठरवलं, या माणसाला घराबाहेर काढायचं. मुलांना सुट्टी होतीच. शनिवारी सकाळी शहर गाठलं. मी, नवरा, भिंगरी, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि तोंड पाडून बसलेले बाबा.

त्या शहरात एक संग्रहालय आहे, जिथे सगळ्याला हात लावायचा असतो. दाराशीच आमची वरात अडली. रखवालदारानं भिंगरीच्या पिशवीतून ते पितळी वजन काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाचं डोकं फोडायला आले होते.

"हे काय आहे?"

"आजोबांचा भोवरा," भिंगरी म्हणाली.

"फिरवून दाखव."

तिनं दोरी धरून गरगर फिरवला. रखवालदाराची टोपी थोडक्यात वाचली. "जा बाई, जा आत," तो म्हणाला.

आत नुसता धिंगाणा. ढब्बूनं एका चकचकीत गोळ्यावर हात ठेवला आणि त्याचे केस ताठ उभे राहिले. नवरा एका लांबलचक नळीत तोंड घालून स्वतःलाच हाका मारत बसला. मी साबणाच्या माणूसभर उंच फुग्यात उभी राहिले आणि माझा तो फुगा ढब्बूनं फोडला, कार्टं कुठलं! बाबा मात्र हात मागे बांधून भिंती बघत होते. छताकडे बघून पुटपुटले, "गिलावा बरा आहे."

मग आली गमतीची खोली. दारावर एवढंच लिहिलेलं. बाबा सगळ्यांच्या पुढे आत गेले आणि चौथ्या पावलाला भेलकांडले. कसाबसा भिंतीचा आधार घेतला. एक डोळा मिटून चारही कोपरे पाहिले आणि बाहेर आले ते पांढरेफटक पडून.

"सूनबाई, भिंती सरळ आहेत. मीच कलतोय. नजर गेली होती, आता तोलही गेला."

तिथे उभी असलेली संग्रहालयातली मुलगी लगबगीनं म्हणाली, "आजोबा, अहो, ती खोलीच तिरकी बांधलीय. आत सगळेच फसतात!"

"म्हाताऱ्याची समजूत काढू नकोस, पोरी. चाळीस वर्षं भिंती बांधल्यात मी."

आता या माणसापुढे डोकं आपटावं तर कुठल्या भिंतीवर? इतक्यात आतून भिंगरी ओरडली, "आजोबा, भोवरा बिघडला!"

खोलीच्या मधोमध ती झुलत उभी होती आणि हातातून ओळंबा लोंबत होता. दोरी चक्क तिरकी दिसत होती. आजूबाजूची पोरं खिदळत होती. बाबा दारात थबकले. दोरीकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. पुन्हा दोरीकडे.

"अगं, दोरी कधी खोटं बोलत नाही!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की नवऱ्यानं नळीतून तोंड काढलं. "दोरी सरळ आहे! खोली वाकडी आहे!"

मग काय विचारता! भिंगरीला कोपऱ्यात उभं करून वरून ओळंबा सोडला, खाली वीतभर अंतर मोजलं. संग्रहालयातल्या त्या मुलीला विचारलं, "कुणी बांधली गं? चारी भिंती एकसारख्या वाकड्या! याला सरळ बांधण्यापेक्षा जास्त अक्कल लागते." तिला काही माहीत नव्हतं, पण ती आमच्यासारखीच हसत होती.

हसता हसता बाबांनी ओळंबा पुन्हा एकदा भिंतीला लावला. दोरी धरून तसेच उभे राहिले.

"काय झालं बाबा?"

"इथलं अंगण खरंच वाकडं आहे, सूनबाई. तिथलं नव्हतं. विटा चांगल्या होत्या. त्या भिंतीला मी ओळंबाच लावला नव्हता. खिशात होता, पण काढायची लाज वाटली. एवढा नजरेचा गवंडी मी!"

या माणसानं चूक कबूल केलेली मी आजवर पाहिली नव्हती. डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हटलं, फुग्याचा साबण गेला असेल.

बाबांनी तिथेच, त्या तिरक्या जमिनीवर पाय फाकवून, मुकादमाला फोन लावला. "तुझंच खरं होतं," एवढं म्हणाले आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवला, दोरी नीट गुंडाळली आणि ओळंबा खिशात टाकला.

"आजोबा, माझा भोवरा!" भिंगरीनं हात पुढे केला.

"भोवरा नाही गं बाळा," बाबा म्हणाले. "ओळंबा म्हणायचं. सोमवारी मला लागणार आहे."